राखडमायचं तंबाखूचं पाणी

राखडमायने कशाकशाला हात लावला हे कुणाला विचारावे लागत नसे. विहिरीवरच्या बादलीची कडी, आमच्या मागच्या दाराची चौकट, तिच्या नातीचा गाल, कधी कधी माझे नुकते धुतलेले पातळ, सगळीकडे तिची करडी बोटे उमटलेली असत. धानाच्या तुसाची राख तिच्या तळहातांच्या रेषांत इतकी मुरली होती की अंघोळ करून, स्वच्छ लुगडे नेसून ती पोळ्याच्या दिवशी दारात आली तरी हात राखेचेच दिसत. फुलचूरच्या आमच्या गल्लीत तिचे खरे नाव कुणी घेत नसे. राखड म्हणजे राख, आणि ती साऱ्यांची माय, म्हणून राखडमाय. मीही तिला तेच म्हणत असे. शाळेत मधल्या सुट्टीत तिच्या बोलण्याची नक्कल करून इतर शिक्षिकांना हसवतानाही मी हेच नाव घेत असे. हे आधीच सांगून टाकते. पुढे सांगायचे आहे ते याहून पुष्कळ वाईट आहे.

आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही वर्ध्याहून गोंदियाला आलो. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते आणि फुलचूर हे गोंदियाच्या कडेचे खेडे होते. मला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी मिळाली होती आणि माझे यजमान शेतकीच्या एका गोदामात कारकून होते. भाड्याच्या दोन खोल्यांमागे सांदवाडी होती. घरामागच्या भाजीपाल्याच्या तुकड्याला तिकडे सांदवाडी म्हणतात. आमच्या आणि राखडमायच्या सांदवाडीमध्ये फक्त एक बांबूचा तट्टा होता, तोही एका बाजूने कललेला. तिच्या घरात मुलगा दशरथ, सून गिरजा आणि चार वर्षांची नात शेवंता. दशरथ तांदळाच्या मिलमध्ये हमाली करायचा, गिरजा ओसरीवर बसून बिड्या वळायची. घर त्या दोघांच्या कमाईवर चाले, पण ताटातली भाजी राखडमायची असे.

पहिल्याच महिन्यात माझ्या वांग्यांना कीड लागली. मी पुस्तकात वाचलेले काहीबाही करत होते. तट्ट्यापलीकडून ती दोन दिवस बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी न विचारता आत आली. तिच्या हातात जर्मनची परात होती आणि परातीत चाळलेली राख.

"दव हाय तोवर टाकावं लागते, बाई," ती म्हणाली. "ऊन पडल्यावर टाकशील तं राख उडून जाईन, पानाले धरनार नाई."

दशरथच्या मिलमधून ती तुसाची राख टोपलीने आणवी आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेई. ओल्या पानावर ती चिमटीने अशी शिंपडी की वाटावे, भाकरीवर पीठ भुरभुरते आहे. मी विचारले, याने किडे मरतात का? ती म्हणाली, "मारायचं कायले? त्याचं जेवन बेचव करून टाक. आपल्या घरी जेवन बेचव झालं तं पाहुना किती दिवस राह्यते?"

हे वाक्य मी शाळेत सांगितले. पुष्कळ हशा झाला. मीही हसले. पण माझी वांगी त्या वर्षी वाचली, हे मात्र मी शाळेत सांगितले नाही.

तिचे सारे शास्त्र असे घरातल्या आणि गल्लीतल्या वस्तूंवर उभे होते. उन्हाळ्यात निंबोळ्या पडू लागल्या की ती शेवंताला घेऊन रस्त्याकडेच्या झाडांखाली फिरे. त्या निंबोळ्या सावलीत वाळवून ठेवी. हिवाळ्यात गरज पडली की त्या कुटून फडक्यात बांधायच्या, रात्रभर पाण्यात ठेवायच्या, सकाळी पिळून त्या पाण्यात रिठ्याचा फेस मिसळायचा. रिठा कशाला, तर पाणी पानावरून घरंगळू नये म्हणून. शिंदीच्या झाडूने ते पाणी ती नेहमी दिवस कलताना शिंपडी. मी वर्गात द्रावण आणि मिश्रण शिकवत असे, पण रिठ्याचे ते काम मला कुणी शिकवले नव्हते.

तिच्या वाडीत कोपऱ्यातली मोहरीची एक ओळ नेहमी माव्याने काळी पडलेली असे. मी एकदा म्हटले, राखडमाय, एवढी स्वच्छ तुझी वाडी, मग त्या मोहरीला काही का करत नाहीस? ती म्हणाली, "ते त्यायचं हाय. त्यायलेबी पोट हाय ना. तिथं पोट भरलं तं माह्या कोबीवर कायले येतीन?" सांगताना ती हसली नाही. तिला तो विनोद वाटत नव्हता, वाटणी वाटत होती.

आणि सगळ्यांत शेवटचा इलाज म्हणजे तंबाखूचे पाणी. गोंदियात बिडीचे कारखाने गल्लोगल्ली. गिरजाच्या कामातून उरलेला तंबाखूचा चुरा राखडमाय एका मडक्यात भिजत घाली. बाकी सगळ्या गोष्टींत सैल असलेली ही बाई या मडक्यापुढे मात्र कडक होई. मडके ओसरीच्या टोकाला, झाकणावर धोंडा. शिंपडायचे त्या दिवशी ती शेवंताला गिरजाजवळ बसवून ठेवी. शिंपडून झाले की त्या झाडाला लाल चिंधी बांधी, आणि चिंधी सोडेपर्यंत त्या झाडाचे पान कुणी तोडायचे नाही. आठ दिवस. दशरथने एकदा चिंधीच्या झाडाची दोन वांगी तोडली, तेव्हा तिने ती त्याच्या हातातून घेऊन उकिरड्यात टाकली आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. मला ती म्हणाली, "राख इसरली तं भाजी जाते. तमाकू इसरली तं मानूस जाते. म्हनून इसरायचं नाई."

गल्लीतल्या बायका तिच्याकडे येत. कुणाला निंबोळीचे पाणी हवे असे, कुणी कीड लागलेले पान पदरात घेऊन येई. बाजारात भाजी विकणाऱ्या दोन-तीन बायका तर फुलचूरच्या पलीकडून चालत येत. ती कुणाकडून काही घेत नसे. सगळ्या तिचे ऐकत, आणि ते तिला आवडत असे. घरात सून बोलत असताना ती गप्प राही, पण वाडीत उभी राहिली की तिची मान ताठ होई.

दुसऱ्या हिवाळ्यात मी टमाटे लावले. तिकडे टमाट्यांना भेदरे म्हणतात. झाडे जोमाने वाढली, पण फळ धरले आणि प्रत्येक फळाला भोक. राखडमायने सांगितले ते सगळे केले. फरक पडत होता, पण हळूहळू. तिच्या वाडीतली भेदरेही थोडी किडली होती. तिला त्याचे काही वाटत नव्हते. "चार त्याचे, सहा आपले," ती म्हणाली. मला सहा नको होते, दहा हवे होते. त्याच सुमारास शाळेच्या मुख्याध्यापिका आमच्याकडे जेवायला यायच्या होत्या आणि मी त्यांना माझी सांदवाडी दाखवायची असे बोलून बसले होते.

यजमानांच्या गोदामात त्या वर्षी धानावरच्या किडीसाठी एक नवीन औषध आले होते. मी त्यांच्या मागे लागले. त्यांनी एका लहान तपकिरी बाटलीत थोडेसे आणून दिले. आणायला नको होते हे त्यांना ठाऊक होते, मागायला नको होते हे मला ठाऊक होते. मूळ डब्यावरचा इंग्रजी कागदही त्यांनी सोबत आणला होता. त्यावर बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिले होते की हे औषध भाजीपाल्यावर आणि फळांवर मारू नये. त्या गल्लीत तो कागद वाचू शकणारी मी एकटी बाई होते. मी तो पूर्ण वाचला आणि चुलीत टाकला.

शुक्रवारी संध्याकाळी, राखडमाय पाण्याला गेलेली पाहून, मी ते टमाट्यांवर मारले. घासलेटसारखा वास दोन दिवस रेंगाळत होता. रविवारी सकाळी पाहिले तर झाडांखाली मेलेल्या अळ्या पडल्या होत्या आणि फळे लालबुंद, एकही डाग नाही. मी ठरवले होते की आठवडाभर त्यांना हात लावायचा नाही. आम्ही स्वतः एकही खाल्ले नव्हते. एवढ्यात तट्ट्याच्या फटीतून शेवंताने तोंड घातले.

"मास्तरीनबाई, एक भेदरं दे ना."

मी तिला दोन दिली. धुतली नाहीत. कागदावरचे मला त्या क्षणी आठवले नाही, असे मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटे आहे. मला आठवले होते. दोन दिवस होऊन गेलेत, एवढ्याशाने काय होते, असे वाटले. आणि दुसरेही वाटले. ही पोर आता ही फळे घेऊन घरात जाईल, राखडमाय ती पाहील, आणि मला विचारायला येईल की बाई, काय घातलंस? तिने मला विचारावे एवढ्यासाठी मी ती फळे दिली. शेवंता मात्र घरात गेली नाही. ती तट्ट्यापाशी उकिडवी बसून तिथेच दोन्ही खाऊन मोकळी झाली.

तासाभरात गिरजाचा आवाज आला. मी धावले तेव्हा शेवंता ओसरीवर पडली होती. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. दशरथ रविवारचा घरी होता. त्याने तिला उचलले. राखडमाय ओसरीच्या टोकाकडे पाहत उभी होती. मडक्यावरचे झाकण बाजूला होते आणि धोंडा खाली होता. पाणी गाळण्यासाठी तिने ते नुकतेच उघडले होते आणि फडके आणायला आत गेली होती.

"म्या उघडं ठेवलं," ती म्हणाली. ते ती कुणाला सांगत नव्हती. "म्या उघडं ठेवलं होतं."

मी सोबत गेले. दवाखान्यात बोलायला कुणी शिकलेले माणूस हवे म्हणून दशरथनेच मला रिक्षात बसवले. गोंदियात एक म्हातारे डॉक्टर होते, हिंदी बोलणारे. त्यांनी मुलीला टेबलावर घेतले आणि विचारले, "बच्ची ने क्या खाया?"

राखडमाय मागून चालत, धावत आली होती. धापा टाकत ती म्हणाली, "तमाकूचं पानी पिली असन, साहेब. माह्या हातचं. मडकं उघडं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "आप टीचर हैं ना? और कुछ तो नहीं था घर में? कोई दवा, कोई ज़हर?"

मी तोंड उघडले. यजमानांची नोकरी माझ्या डोळ्यांपुढे आली, मुख्याध्यापिका आल्या, गल्ली आली. मी म्हणाले, "जी नहीं. तंबाखूचंच पाणी होतं."

एवढेच. त्या पोरीच्या अंगात काय गेले आहे हे जाणणारे एकच माणूस त्या खोलीत होते आणि ते खोटे बोलले. डॉक्टरांनी झटके थांबवण्याचे इंजेक्शन दिले, पोटातले काढले, आणि शेवंता वाचली. दोन दिवसांनी तिने पेज मागितली. पण ती वाचत नाही असे दिसले असते तरी मी तेच बोलत राहिले असते का, या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता येत नाही.

घरी आल्यावर यजमानांना सांगितले. त्यांनी आधी दार लोटून घेतले. मग म्हणाले, "पोर वाचली ना? मग आता तोंड उघडू नकोस." मी बाटली पुरून टाकली. सोमवारी शाळेत न जाता टमाट्यांची सगळी झाडे उपटली आणि जाळली. राखडमायने तट्ट्यावरून पाहिले. कालपासून तिने काही खाल्ले नव्हते, डोळे आत गेले होते.

"काऊन उपटली बाई? चांगली फळली होती."

"कीड लागली होती," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मले सांगतलं असतं तं..." आणि तिथेच थांबली. आपण कुणाला काही सांगावे हे दिवस संपले, हे तिला मध्येच आठवले असावे.

दशरथने तंबाखूचे मडके फोडले. निंबोळ्यांचे गाडगे, रिठ्याचा डबा, सारे त्याच्याबरोबर गेले. तो आईला वाईट बोलला नाही, पण गिरजा बोलली, आणि गल्लीने गिरजाचे ऐकले. पान घेऊन येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. विहिरीवर एक जण म्हणाली, "बुढीनं नातीलेच औषध पाजलं." मी तिथे घागर भरत होते. घागर भरली आणि घरी आले.

राखडमायने वाडीत जाणेच सोडले. मी म्हटले, निदान राख तरी टाक. तिने दोन्ही हात पुढे करून मला दाखवले. महिन्याभरात ते स्वच्छ झाले होते, म्हाताऱ्या बाईचे साधे सुरकुतलेले हात. "माह्या हातालेच दोष हाय," ती म्हणाली. "माहा हात नोको आता कोनत्या झाडाले." तिची कोबी आतून पोखरली गेली, बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा वाळल्या. गिरजा बाजारातून भाजी आणू लागली. शेवंता आजीकडे झेपावली की गिरजा तिला उचलून आत नेई. राखडमाय ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून राही, जिथे पूर्वी ते मडके असायचे तिथून शक्य तितकी दूर.

आणि माझ्याशी मात्र ती पूर्वीपेक्षा मायेने वागू लागली, हे सर्वांत कठीण होते. दवाखान्यात मी तिच्याबरोबर होते, हे ती विसरली नव्हती. तिच्याकडचे सगळे बियाणे तिने एका पुरचुंडीत बांधून मला आणून दिले. दोडका, सांबार म्हणजे कोथिंबीर, वाल, झेंडू. "तू शिकलेली हायस. तुह्या हातून चुका होनार नाई," ती म्हणाली. मी ती पुरचुंडी घेतली. त्या दिवशी सांगायला हवे होते. त्यानंतरही रोज सांगायला हवे होते. तट्ट्यापाशी मी कितीदा गेले आणि दोडक्याच्या वेलाचे काहीतरी विचारून परत आले. सव्वा वर्ष असे गेले. शाळेत मी तिची नक्कल करणे थांबवले होते. शिक्षिका विचारत, तुमची राखडमाय काय म्हणते? मी म्हणत असे, बरी आहे.

महाराष्ट्र राज्य झाले त्या उन्हाळ्यात गिरजाला पुन्हा दिवस गेले होते. राखडमायची मुलगी तिरोड्याच्या पुढे, बोदलकसा तलावाच्या बाजूच्या गावात दिली होती. तिने आईला बोलावणे धाडले. दशरथ म्हणाला, जा काही दिवस. काही दिवस म्हणजे किती, हे कुणी विचारले नाही. गिरजाचे बाळंतपण जवळ येत होते आणि सासूला घरात ठेवायचे नव्हते, हे सगळ्यांना कळत होते. दशरथला मिलमधून सुट्टी नव्हती, म्हणून स्टेशनवर पोचवायला मी गेले.

गाडीला वेळ होता. फलाटावर ती आपल्या गाठोड्यावर बसली होती. मी तिच्या बाजूला खाली बसले आणि सगळे सांगितले. बाटली, कागद, दोन भेदरे, डॉक्टरांना दिलेले उत्तर. सांगताना मी तिच्याकडे पाहिले नाही, समोरच्या रुळांकडे पाहिले.

तिने गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग तिने विचारले, "मंग पोट्टीनं मडक्याले हात नोहता लावला?"

"मला वाटत नाही. तट्ट्यापाशीच बसून भेदरं खाल्ली. मग खेळत होती."

"तुले ठाव होतं? दवाखान्यात ठाव होतं?"

"हो."

तिने माझ्याकडे पाहिले. मला वाटले होते ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. अशा गोष्टींच्या शेवटी म्हातारी माणसे जाऊ दे म्हणतात असे मी धरून चालले होते, आणि त्याच आशेवर तर मी बोलले होते.

"मंग मले काऊन सांगून राहिली?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले सांगून तुह्या जीवाले हलकं वाटन. माहं काय होईन? माह्या घरच्यायले सांग. त्या विहिरीवरच्या बायायले सांग. पोट्टीले माह्यापासून ओढून नेत होते तवा तू पाहत होती."

"सांगते," मी म्हणाले.

"आज सांगजो."

गाडी आली. मी गाठोडे उचलायला गेले तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतले आणि स्वतः चढली. खिडकीतून तिने पाहिले नाही.

त्या दिवशी मी गिरजापुढे जाऊन उभी राहिले. ती ओसरीवर बिड्या वळत होती. मी बोलत असताना तिचे हात चालूच होते. पान, तंबाखू, दोरा. शेवटी ते थांबले.

"म्या बुढीले सव्वा साल पोट्टीले हात लावू नाई देल्ला," ती म्हणाली. मला शिव्या घालेल म्हणून मी तयारी करून आले होते. तिने शिव्या दिल्या नाहीत. ती फक्त म्हणाली, "तुमी जा बाई आता घरी," आणि सुपातला चुरा दोन्ही हातांनी उगाच सारखा करत राहिली.

दशरथ महिन्याभराने सुट्टी मिळाल्यावर आईला आणायला गेला आणि एकटाच परतला. तिकडे वाडी धरली आहे, रोपे लावली आहेत, आता मध्येच कशी सोडू, असे ती म्हणाली म्हणे. पुढच्या रविवारी त्याने आमच्यामधला तट्टा सरळ करून पक्का बांधून घेतला. विहिरीवरच्या बायकांपैकी तिघींना मी सांगितले. बाकीच्यांना गिरजाने सांगितले असेल असे धरून मी थांबले. डॉक्टरांकडे मी गेले नाही. शाळेत कुणाला सांगितले नाही. यजमान आठ दिवस अबोला धरून होते, आणि त्यांच्या साहेबांच्या कानावर काही गेले नाही असे कळल्यावर मला हायसे वाटले, हेही लिहून ठेवते.

हिवाळा लागल्यावर मी तिला भेटायला गेले. तिरोड्याहून बैलगाडीने बोदलकशाच्या बाजूला. तलावाच्या उताराला तिच्या मुलीचे घर होते. राखडमाय वाडीत होती. हात पुन्हा करडे झाले होते, हे मी दुरूनच पाहिले आणि मला बरे वाटले. तिने ये म्हटले, पाणी दिले, शेवंताची आणि नव्या बाळाची चौकशी केली. फलाटावरच्या बोलण्याचा विषय तिने काढला नाही.

तिची बरबटी माव्याने भरून गेली होती. ओळच्या ओळ काळी, शेंड्यांवर मुंग्या. राख आणि निंबोळी पुरणार नाही, एवढा जोर होता. तिनेच मला शिकवले होते की अशा वेळी काय करायचे.

"तंबाखूचं पाणी का नाही करत?" मी विचारले.

"नाई करत," ती म्हणाली. "मडक्यात चुरा टाकाले गेली का हात कापते. ठाव हाय मले का ते मडक्यानं नोहतं. तरी कापते."

"मी करून देते. तू सांग, मी करते."

ती कंबर सरळ करून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखाद्या झाडाचे काय करायचे हे ठरवताना ती अशी बघे.

"नोको बाई," ती म्हणाली. "तू नोको करू."

मग तिने मला एक ओला फडका दिला आणि ओळीचे एक टोक दाखवले. आम्ही दोघी हातांनी मावा पुसायला लागलो. एकेक शेंडा धरायचा, पानाच्या खालून फडका फिरवायचा, पुढे सरकायचे. गाडीवान हाका मारेपर्यंत आम्ही ते करत होतो. माझी ओळ संपत आली तेव्हा मी मागे वळून पाहिले. राखडमाय आपली ओळ सोडून माझ्या ओळीत आली होती, आणि मी पुसलेले प्रत्येक पान उलटे करून पुन्हा तपासत होती.